मधलं स्टेशन गिरीज

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. घडलं तेवढंच लिहितो. नोव्हेंबर २००४, विरारचा आमचा तळमजल्यावरचा फ्लॅट, रविवारची दुपार... घरात मी एकटा. पत्नी आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन बंगलोरला.

मला हॅम रेडिओचा, म्हणजे घरून बिनतारी संदेश पाठवायचा छंद. कॉम्प्युटरवरचा मजकूर रेडिओने पाठवायचा प्रोग्राम मीच लिहिला होता. प्रत्येक मजकुराआधी हेडर लागतो, पाकिटावरच्या पत्त्यासारखा — कोणाकडून, कोणाला, मध्ये कोणाच्या स्टेशनवरून. मधलं स्टेशन मजकूर पुढे पाठवताना आपल्या नावापुढच्या शून्याचा एक करतं, आणि ते पाठवणं माझ्या रिसीव्हरवरही दिसतं. माझ्या चहूबाजूंना बिल्डिंगा, मुंबई थेट लागत नसे. म्हणून मध्ये नाव असे जवळच्या गिरीज गावातल्या हरेश्वरचं. केळीच्या वाडीत त्याची उंच अँटेना होती. मुंबईतल्या चार-पाच जणांशी रोजच्या गप्पा त्याच्यामुळेच. एरवी बोलायला होतं कोण?

गणपतीनंतर हरेश्वर वारला. त्याचा सेट मीच काढून खोक्यात भरून दिला. हेडरमधलं नाव काढायला मात्र हात धजेना. रोज पाठवायचो, अर्थात काहीच जात नव्हतं.

त्या दुपारी गेलं. माझ्याच रिसीव्हरवर मजकूर परत आला, हरेश्वरच्या नावापुढे एक. मुंबईहून उत्तरही आलं — इतके दिवस होतात कुठे? प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला. तो तिथे शून्यच लिहितो. त्याचं नाव दुसरं कोणी वापरतंय का, तेही विचारून पाहिलं. कोणीच नाही. पुढे आठवडाभर रोज जात राहिलं.

मग गिरीजला हरेश्वरच्या घरी गेलो. खोकं माळ्यावर, मी लावलेली चिकटपट्टी तशीच. अँटेनाच्या पाइपावर कारल्याचा वेल. त्याची बायको, आमच्या वहिनी, वाडीला पाणी सोडत होत्या. सगळं ऐकून आधी हसल्या.

"तुमचं आलं की म्हनायचे, आला विरारकर, याला घरदार नाय."

मग पंप बंद करून म्हणाल्या, "भाऊ, अजून त्यांच्याच नावाने पाठवता?"

"हो."

"आजारपनात पन उठून बघायचे, तुमचं गेलं का. आता सोडा त्यांना. झोपू द्या."

घरी येऊन नाव काढलं. तेव्हापासून पाठवलेलं कुठेच पोचत नाही. तो आठवडा कोणी पोचवलं, मला कळलेलं नाही. नाव परत घालून पाहिलं तर कळेलही कदाचित...

घालत नाही.