कमरेचे दोन इंच

अग्निशामक केंद्रात त्याला सगळे भोंगा म्हणत. गाडी चालवताना सायरनपेक्षा ह्याचाच आवाज मोठा, "अरे, सरका की बाजूला!" वय अठ्ठेचाळीस, त्यातली बावीस वर्षं लाल गाडीच्या स्टिअरिंगमागे गेलेली. आणि यंदा पोटाने घात केला. वार्षिक तपासणीत कंबर भरली चाळीस इंच, मर्यादा अडतीसची. डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांची मुदत दिली. तोवर कंबर उतरली नाही, तर गाडी काढून घेणार आणि कार्यालयात फोनपाशी बसवणार.

"मी तर अर्धपोटीच जेवतो हो," तो म्हणाला.

"तिथेच चुकताय. उपाशी ठेवलं की शरीर कंजूष होतं. चाळिशीनंतर स्नायू घटतात, मेटाबॉलिझम मंदावतो. वजनं उचला, जिने चढा. दर जेवणात डाळ, अंडी, दही असं काहीतरी हवंच. आणि दर पंधरा दिवसांनी टेपने मोजत जा."

"म्हणजे जन्मभर आगी विझवल्या, आणि आता पोटात पेटवायची!"

पठ्ठ्या कामाला लागला. रोज सकाळी दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन केंद्राच्या सराव-मनोऱ्याचे चार मजले चढायचा, वर उभा राहून बैलासारखा धापा टाकायचा. घरी बायको अंडी उकडून द्यायची, काकडी चिरून ठेवायची. ती शिवणकाम करी, पुढच्या खोलीत तिचं मशीन दिवसभर चालू असे.

टेपला मात्र ह्याने हात लावला नाही. म्हणे, "आकडा बघितला की माणूस खचतो. पँट कधी खोटं बोलते का?" गणवेशाची पँट खांद्यावरच्या पट्ट्यांनी धरलेली, त्यामुळे कमरपट्ट्याच्या भोकांचाही प्रश्न नव्हता. दीड महिन्यात कमरेत दोन बोटं जाऊ लागली, मग तीन. बायकोने त्याला आरशासमोर उभं केलं. "बघा तरी, किती उतरलात!" भोंग्याला आकाश ठेंगणं झालं. शेवटच्या महिन्यात चार मजल्यांचे दोन झाले आणि चहाबरोबर केकचा तुकडा परत आला. पँट सैलच आहे म्हटल्यावर कोण कशाला मरमर करेल?

तपासणीच्या दिवशी टेप साडेएकोणचाळीसवर थांबली.

"परत मोजा," तो म्हणाला. बाईंनी तीनदा मोजलं. मग त्याने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

घरी येऊन त्याने पँट काढली आणि उलटी केली. मागच्या शिवणीत दोरा नवा होता, आणि त्याच्या शेजारी सुईच्या जुन्या भोकांच्या दोन रांगा. शिवण दोनदा उसवून पँट सैल केलेली. ज्याला साधं बटण लावता येत नाही त्यालाही कळावं, इतकं स्वच्छ. कपाटातली दुसरी पँट काढली, तिचंही तेच.

"हे तू केलंस?"

मशीन थांबलं. "हो."

"का गं?"

"गोदामाच्या आगीत तुमचा गाडीवरचा जोडीदार गेला ना, तेव्हापासून सायरन वाजला की मी मशीन सोडून दारात जाऊन बसते. नऊ वर्षं झाली. तुम्ही खुर्चीवर बसलेले हवे होतात मला."

"मग तोंडावर सांगायचंस!"

"सांगितलं नाही का? दरवेळी हसण्यावारी नेलंत."

ते खरं होतं, म्हणूनच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबाने पाय ओढला असता, केंद्रातल्या कोणी चुगली केली असती, तर दोन शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण आरशासमोर उभं करून हिनेच पाठीवर थाप मारली होती, आणि हा लेकाचा फुगला होता. लाज त्याचीच वाटत होती, कमरेची नाही.

संध्याकाळी तिने ताट वाढलं. डाळ, अंडी, काकडी, रोजचंच.

"आणि ह्यात काय घालत होतीस?" त्याने विचारलं.

ती पांढरीफटक पडली. "तुमच्या गळ्याची शपथ, जेवणात कधी काही नाही केलं मी."

ती खरंच बोलत असेल. त्याने घास उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि तो काही आत जाईना. ताट बाजूला सारून तो उठला, ओट्यापाशी गेला आणि स्वतःच्या हाताने एक अंडं उकडायला ठेवलं.