नकाशावरची ज्वारी

"कितीपैकी?"

आकडेवाला साहेब म्हटल्यावर तुम्ही जाड चष्मा आणि सुतकी चेहरा मनात आणला असेल. पुसून टाका. आमचे साहेब लोणारचे. पानानं रंगलेलं तोंड, खणखणीत आवाज, आणि कोणी काही सांगितलं की भुवई उडवून हाच सवाल. "साहेब, दोन आंबे सडके निघाले." "कितीपैकी?" ही नक्कल मी अशी झकास करायचो की शिपाई दचकून विडी विझवायचा.

बुलडाण्याच्या आरोग्य ऑफिसात मी कारकून. तेव्हा जिल्ह्यात तान्ही बाळं धनुर्वातानं जायची. साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला होता. बाळ गेलं की त्याच्या गावावर डिंकानं ज्वारीचा एक दाणा. दाणे सगळीकडे सांडल्यासारखे दिसायचे, काही उमजायचं नाही. एकदा चिमणीनं एक पळवला. साहेब हळूच म्हणाले, "तुह्यानं तरी एक कमी झाला, बाई."

नांदुरा माझ्या ताईचं सासर; तिथला एक दाणा तिच्या पहिल्या बाळाचा होता. सासू तिला पांढऱ्या पायाची म्हणायची. आता ताईला पुन्हा दिवस गेले होते. एकदा मी ऑफिसात त्या सासूची नक्कल करत होतो, "दुसरं बाळंतपणही माहेरीच कर म्हणा!"

शिपाई हसला. साहेब नाही हसले.

"मंग पहिलं लेकरू झालं कुठं बे?"

"आमच्या गावी. पहिलं माहेरीच असते ना, साहेब."

"अन् दाणा काऊन नांदुऱ्याले?"

"नोंद बापाच्या गावी होते."

"उपट सारे दाणे!"

आयांची माहेरं विचारून दाणे पुन्हा लावले. पिंपळगाव राजाच्या पलीकडं, आमच्याच गावावर ढीग झाला. मी ओरडणार, तोच साहेब म्हणाले, "थांब. मोठ्या गावात मेलेले बी जास्तच दिसतीन. जन्मले किती? कितीपैकी?" तेही मोजलं. ढीग खराच निघाला.

गावी गेलो. सुईणीनं नाळ कापायचा विळा दाखवला. वर लावायला शेणाची राख. साहेब रागावले नाहीत. "आत्याबाई, पातं उकळून घ्या. राख नका लावू." सोबत नेलेली नर्सबाई तिला शिकवायला राहिली, आणि ताईचं बाळंतपण दोघींनी मिळून केलं.

बारशाला सासू नांदुऱ्याहून कुंची घेऊन आली आणि ताईला पोटाशी धरून रडली. मला काय राहवतं! पाटावर उभा राहून साहेबांचा आवाज काढला, "जिंकलो! गावातून धनुर्वात हद्दपार!"

मागून खरा आवाज आला. भाचीला मांडीवर घेऊन साहेब तापले होते.

"नकला करतं, डोकं नाही वापरत! एका लेकरावरून निकाल लावून राह्यला? कितीपैकी बे, कितीपैकी?"