आत्याचं दही आणि शेवटचं वळण

आमचा लाडका ड्रायव्हर हरला, त्यात दुसऱ्या कुठल्याही गाडीचा हात नव्हता. ते काम आमच्या घरानेच पार पाडलं.

नाशिकला दरवर्षी मोटारींची रॅली होते. शेखर तिच्यात दरवर्षी धावायचा आणि दरवर्षी दुसरा यायचा. मी मात्र त्याचा पहिल्या नंबरचा भक्त! मागच्या वर्षी शेवटचा टप्पा उरला असताना तो चक्क सगळ्यांच्या पुढे होता. हा टप्पा घोटीच्या बाजूला, डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर. मी ऑफिसात पेढे आधीच जाहीर करून टाकले आणि सहकुटुंब निघालो. सहकुटुंब म्हणजे मी, बायको मंजू आणि नाशिक रोडची आत्या. (आत्याला शर्यतीत काडीचा रस नव्हता. तिला घोटीचा तांदूळ आणायचा होता.)

रस्ता बंद व्हायच्या आत आम्ही एका वळणावर, भाताच्या खाचराशेजारी सतरंजी टाकली. गाड्या थोड्या थोड्या अंतराने सुटत होत्या. पहिलाच शेखर आला. गर्जना करत, आडवा होत आला आणि वळणावर न वळता थेट खाचरात उतरला.

"गेला, गेला!" म्हणून मी ओरडलो. आणि (खोटं कशाला बोलू?) थोडा आनंदही झाला, कारण देव इतक्या जवळून कधी पाहायला मिळाला नव्हता. गावकऱ्यांबरोबर मीही धक्का मारायला धावलो. चाक गरगरलं, खाचरातला सगळा चिखल एकट्या माझ्या अंगावर आला, पण गाडी रस्त्यावर आली. फारसा वेळ गेला नव्हता. शेखर अजून जिंकू शकत होता.

तेवढ्यात आत्या दह्याचा डबा घेऊन गाडीच्या खिडकीशी पोचली. एवढं संकट टळल्यावर हातावर दही घेतल्याशिवाय पुढे जायचं नसतं, असं तिचं म्हणणं. शेखर चांगल्या घरचा निघाला. त्याने हातमोजा काढला, हेल्मेट काढलं, दही चाटलं, पुन्हा सगळं चढवलं. शेजारी बसून वळणं वाचून दाखवणारा त्याचा जोडीदार घड्याळाकडे बघत दात-ओठ खात होता.

गाडी सुटली. आणि मला आठवलं, फोटो राहिला!

"शेखरसर! एकच फोटो!" मी मागून ओरडलो.

बिचाऱ्याने ब्रेक मारला. गाडीचं काहीतरी निखळून पडलं असावं, असं त्याला वाटलं. इकडे आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

"निघालेल्या माणसाला मागून हाक मारतोस? आता त्याला उतरून घटकाभर बसायला हवं. पाणी पिऊन मगच निघायचं."

"आत्या, शर्यत आहे ही."

"म्हणून तर," असं म्हणून आत्या गाडीपुढे जाऊन उभी राहिली.

लांबून पंच शिट्टी फुंकत पळत येत होता. जोडीदाराने सुस्कारा सोडला. "सर, उतरा. वाद घालण्यापेक्षा पाणी लवकर पिऊन होईल."

शेखर पट्टे सोडून उतरला, आमच्या सतरंजीवर टेकला आणि पाणी प्यायला. तेवढ्यात मागची गाडी आमच्यासमोरून निघून गेली. "लय जोरात गेली," एका गावकऱ्याने माहिती दिली. मंजूने मात्र फोटो काढला. त्यात शेखर फुलपात्र तोंडाला लावून बसलाय आणि शेजारी चिखलाचा एक पुतळा हसतोय. तो पुतळा मी.

शेखर दुसरा आला. जाहीर केलेले पेढे मला आत्या सुखरूप घरी परतल्याबद्दल म्हणून वाटावे लागले.

यंदा आम्ही पुन्हा त्याच वळणावर गेलो. लांबून शेखरची गाडी दिसली, आत्या डबा उघडत उठली, मीही उठलो. आम्ही दिसलो मात्र, त्या गाडीने असा काही वेग घेतला की नंतर कितीतरी वेळ नुसती धूळच दिसत होती. शेखर पहिला आला!

आत्याच्या दह्याच्या धाकाने तो जिंकला, असं मी सगळ्यांना सांगत होतो. मंजूने ते फार दिवस टिकू दिलं नाही.

"दह्याला कोण घाबरतंय?" ती म्हणाली. "तुम्ही हाक मारायला तोंड उघडलेलं दिसलं त्याला."