गंगाक्काला वाचता येणारा एकच शब्द

बाईंच्या वडिलांनी बाईंना शिकवलं नाही.
त्यांनी बाईंची पाटी फोडली होती.

आज सकाळी बाई गेल्या. दुपारपासून सगळ्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड. "पुरोगामी पित्याने लेकीला शाळेत घातले."
मंगळवार पेठेत, बाईंनी मुलींसाठी काढलेल्या आमच्या शाळेच्या दारात फ्लेक्स लागलाय. त्यावरही तेच.

वैताग आलाय. पण कुणावर चिडू? ते वाक्य माझं आहे.

बाईंच्या पंच्याहत्तरीला गौरव अंक काढला, त्यात त्यांच्या लहानपणावर मी लिहिलं. बाईंना न विचारता. गौरव अंकात वडील पुरोगामीच असतात, म्हणून मीही केले.
आळस होता की तसं लिहिणं सोयीचं होतं, अजून ठरवता येत नाही.

अंक वाचून बाईंनी बोलावून घेतलं. रागावल्या की त्या थेट चंदगडच्या भाषेत शिरायच्या.
"काय गं, माझा बाप तुला कुठं भेटलाता?"
"नाही बाई…"
"मग? पोरगी शिकून कलेक्टर हुणार हाय व्हय, म्हणून पाटी फोडली त्यानं. मला शाळेत धाडलं आमच्या गंगाक्कानं."

गंगाक्का म्हणजे थोरली बहीण. तेव्हा तेरा वर्षांची. ती वडिलांना म्हणाली, "हिच्या वाटणीची म्हसरं बी मी राखतो. हिला जाऊ द्या."

चंदगडचा पाऊस, आणि दोघींत पानांचं इरलं एकच. ते बाईंच्या डोक्यावर.
"पुस्तक भिजलं तर मास्तर मारंल. मी भिजलो तर काय हुतंय?" म्हणत गंगाक्का पोतं पांघरून माळावर.

बाईंची पहिली विद्यार्थिनी तीच. म्हसरांमागं बसून स्वतःचं नाव तेवढं शिकली. पुढचं शिकायला सवड मिळाली नाही.

"अंकात तिचं नाव घाल," बाई म्हणाल्या. "तिला तेवढंच वाचता येतंय."
"पुढच्या आवृत्तीत घालते, बाई."

गौरव अंकाला पुढची आवृत्ती नसते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आज गंगाक्का आली होती. भाच्याच्या खांद्याला धरून फ्लेक्ससमोर उभी राहिली. एकेका ओळीवरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत.
मग मला विचारलं, "ह्यात मी न्हाय व्हय गं?"

आत्ता शाहूपुरीतल्या फ्लेक्सवाल्याला फोन केला.
"म्याडम, पुरोगामी पिताच भारी वाटतंय की!"
"काढा ते. गंगाक्का लिहा. मोठ्या अक्षरात."

बाई, उद्या सकाळी लागेल.
तुम्ही असताना लागायला हवं होतं.
येते, बाई.