दरसाल नवा बटाईदार

श्रीकांतराव वझलवारांना एकच भीती, आपली जमीन कुणीतरी बळकावेल. सरकारी कचेरीत जन्मभर लोकांच्या जमिनींच्या भानगडी चाळून हा गृहस्थ एवढंच शिकला होता, की ज्याला कसू द्यावं तो एक दिवस मालक होऊन बसतो. हे ज्ञान ते भोपाळच्या अरेरा कॉलोनीत भेटेल त्याला पाजत. लोक घड्याळ बघत. रावांना ते कधी उमगलं नाही.

निवृत्तीनंतर राहायला म्हणून त्यांनी सिहोरच्या बाजूला, मोजक्या घरांच्या एका गावात जमीन घेतली आणि बटाईने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या बोलीवर, कसायला दिली. दरसाल नव्या माणसाला! पीक निघालं की जुन्याला नारळ. कुणी बांधावर आंबा लावला, तर तो उपटला. झाड म्हणे पुढे कोर्टात पुरावा होतं. एका सालच्या बटाईदाराने, गुलाबसिंहाने, विहिरीपाशी छप्पर घातलं होतं. त्याची बाळंतीण बायको काम करताना तान्हं पोर तिथे सावलीत निजवायची. रावांनी गावादेखत ते छप्पर मोडायला लावलं आणि घरी येऊन "कसा सरळ केला!" म्हणून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. असल्या माणसाची कीव करावी की त्याच्यावर चिडावं, हेच कळत नाही.

"जिथे राहायचं, तिथल्याच लोकांशी असं वागता?" त्यांच्या पत्नी नलिनीताई म्हणाल्या.

"तुला व्यवहार कळत नाही."

असं करत करत गावातलं प्रत्येक घर एकदा रावांची जमीन कसून आणि एकदा हाकललं जाऊन मोकळं झालं. मग रावांनी तिथे बंगली बांधली. नलिनीताईंनी अट घातली, "वास्तुशांतीला गाव जेवून गेलं तर मी इथे राहीन. नाहीतर माझा मुक्काम भोपाळला." राव हसले. फुकटचं जेवण कोण सोडतो!

वास्तुशांत झाली. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, सगळं मांडवात तयार. दुपार कलली तरी पत्रावळी कोऱ्याच होत्या. शेवटी राव सोवळ्यानेच रस्त्यावर धावले आणि गुलाबसिंहाचा ट्रॅक्टर अडवला.

"अरे गुलाबसिंह, आओ भाई, बैठो! खाना ठंडा हो रहा है."

गुलाबसिंहाने हात जोडले. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "साहब, आज आप बिठाएँगे, कल उठाने आएँगे. हम घर पर ही खा लेंगे."

ट्रॅक्टर निघून गेला. "माजलेत नुसते!" राव पुटपुटले.

नलिनीताईंनी पुऱ्यांची टोपली गाडीत ठेवली आणि स्वतःही बसल्या.

"तुम्ही राहा," त्या म्हणाल्या. "जमीन तुमचीच आहे. आता कुणी तिच्याकडे फिरकणारसुद्धा नाही."