मोजणीवाल्या मॅडम

आमच्या मोजणीवाल्या मॅडम घाईचं काम आलं की खुर्चीवर मांडी घालून निवांत बसायच्या. आता मी येलहंक्याला घरीच असतो, गुडघे गेलेत, पण ती मांडी डोळ्यांपुढून हलत नाही.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मी यंत्रखोली राखायचो. शिक्षण चौथी, तरी आतली कुठली वायर कुठं जाते, ते मोठे इंजिनियर मला विचारायचे.

मॅडम नागपूरच्या. नेटवर्कवर एवढा भार कशाचा, हे शोधायला आलेल्या. राउटरमधून माहितीचे बारीक तुकडे, म्हणजे पॅकेटं, पुढं जातात; त्यांतलं हजारात एक तपासायच्या. मी म्हटलं, "ही कसली मोजणी? मी गेटवर होतो तेव्हा एक गाडी नोंदीवाचून सोडली नाही."

"काका, तुमच्या गेटवर दिवसाला पन्नास गाड्या. इथं पापणी लवेपर्यंत हजारो. राउटरचं काम पुढं पाठवणं, मोजणं वरकाम. वरकामातच त्याचा जीव गेला, तर पाठवेल कोण?"

खोलीतले सगळे हसले. मला लागलं. दोन दिवस मी त्यांना चहा विचारला नाही.

किती पॅकेटांमागं एक तपासायचं, तो आकडा बदलला की जेवणाचा डबा न उघडता मांडीवर घेऊन त्या पडद्यावरचा भार बघत बसायच्या. कुणी घाई केली तर म्हणायच्या, "स्वल्प थांबा." कन्नड तेवढंच शिकल्या.

एकदा मॅनेजर आला. "सगळी पॅकेटं मोजा. एकही सोडायचं नाही."

"सर, राउटर जुना आहे. झेपणार नाही."

"मी सांगतोय ना!"

मॅडमनी आकडा बदलला. मी दारातच उभा. मनात म्हटलं, बरी जिरली.

थोड्याच वेळात राउटरनं मान टाकली. अर्धी पाळी कारखाना बंद. मोठे साहेब खोलीत आले. मॅनेजर म्हणाला, "मी यांना नको म्हटलं होतं, यांनी ऐकलं नाही."

"सर, तुम्हीच तर सांगितलं!" मॅडम म्हणाल्या. पण हुकमाचा लेखी कागद कुठं होता?

साहेब माझ्याकडे वळले. "अण्णा, तुम्ही इथंच होता ना?"

मी म्हणालो, "यातलं मला काय कळतं, साहेब?"

जन्मात असं कुणापुढं म्हटलं नव्हतं.

मॅडमची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी दाराशी थांबल्या. "काका, तुम्ही ऐकलं होतं ना?"

"ऐकलं होतं."

"बरं झालं. मला वाटायला लागलं होतं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली."

त्यांची बॅग उचलायला मी हात पुढं केला. त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.