फुवांच्या तळघराची जमीन

कुणाबद्दल लिहावं एवढा मी मोठा झालेलो नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी मीच पहिल्यांदा चढलो, आणि परीक्षेबाहेर दोन पानं सलग कधी लिहिलेली नाहीत. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं. पण माझ्या फुवांबद्दल मी नाही लिहिलं तर दुसरं कोणी लिहायचं नाही. फुवा म्हणजे फुईचे यजमान; बाकीचा महाराष्ट्र फुईला आत्या म्हणतो. आणि एवढं मात्र छातीवर हात ठेवून सांगतो, की जमीन आडवं पडून पारखणारा असा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही.

फुवांनी सारी नोकरी एसटीचं स्टिअरिंग धरून केली. तेव्हापासून त्यांच्या डोक्याला पटून भागत नाही, पाठीला पटावं लागतं. ताईसाठी, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीसाठी, सुरतेला स्थळ बघायला गेले, तेव्हा चहा येईपर्यंत पाहुण्यांच्या हॉलमध्ये सरळ फरशीवर आडवे झाले आणि उठून म्हणाले, "हवा येस. पोर सुखमा ऱ्हाई." लग्न ठरलं. त्यांचे गुडघे मात्र असे वाजतात, की त्या लग्नात ते पाया पडायला वाकले तर भटजींनी मंत्र थांबवून वर मांडवाच्या बांबूंकडे पाहिलं होतं.

विसरवाडीला हायवेलगत त्यांचं जुनं सागवानी घर होतं. त्याच्या माळ्याला लाकडी फळ्या होत्या आणि कुठली फळी कशी कुरकुरली यावरून ताई डोळे मिटून सांगायची, की वर कोण आलं. पुढे हायवे उंच झाला, घर खड्ड्यात गेलं. फुवांनी ते उतरवलं, रस्त्याच्या पातळीला स्लॅबचं घर बांधलं आणि खाली तळघर राहिलं. गेल्या आखाजीला ताई नव्या घरात पहिल्यांदा आली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. झोका बांधायचा, आमरस खायचा आणि सासर विसरून माहेरी लोळायचं. ताई त्या चकचकीत फरशीवर एक रात्र कशीबशी राहिली आणि सकाळीच निघाली. म्हणाली, "आबा, घर झकास शे. पण मन्हं माहेर त्या माळ्यावर व्हतं." फुवा हसले. बस गेल्यावर मात्र ते तळघरात उतरले आणि कोऱ्या काँक्रीटवर आडवे झाले ते दिवेलागणीपर्यंत. ताई पुढच्या आखाजीला येईल का, हे त्यानंतर घरात कोणी उच्चारलं नाही. फुवांनी फक्त जाहीर केलं, की तळघर उन्हाळ्यात गार असतं, तिथे लाकडाची जमीन करायची.

काँक्रीटला ओल आहे का हे बघायला दुकानदार प्लास्टिक चिकटवून ठेवायला सांगतात. फुवांनी ज्वारीचा बिबडा, म्हणजे आमच्याकडचा पापड, भाजला आणि तळघरात पातेल्याखाली झाकून ठेवला. काढला तेव्हा तो कुर्रकन मोडला. "दख, कोरडं शे," म्हणत ते लॅमिनेटच्या फळ्या सांगायला निघाले, तर फुईने दारातच अडवलं. "वैशाखमा पापड ठेवी ऱ्हायनात. वैशाखमा तं विहीर बी कोरडी ऱ्हास. श्रावणमा ठेवा." श्रावणात तसाच दुसरा बिबडा असा सादळला, की फुवांनी त्याची घडी घालून खिशात ठेवली. लॅमिनेट बसवलं असतं तर फुगून वर आलं असतं.

मग सुरतेची दुकानं सुरू झाली. मला बरोबर घेतलं, कारण मी कॉलेजचा. माझा विषय इतिहास आहे, हे मी भीत भीत सांगून पाहिलं. "मंग जुनं लाकूड तुले बरोबर समजी," ते म्हणाले. प्रत्येक दुकानात ते चपला काढून नमुन्यांवर आडवे व्हायचे. लाकडासारख्या टाइलवरून लगेच उठले. "दिसस लाकूड, लागस बरफ." विनाइलच्या फळ्यांवर मात्र बराच वेळ पडून राहिले. त्या ओलीने फुगत नाहीत आणि पाठीला गार लागत नाहीत. उठताना गुडघा कडाडला, तसा दुकानदार धावत आला, "काका, पाटियुं तूटी गयुं?" त्याला वाटलं, फळीच मोडली. फुवांचं लक्ष नव्हतं. ते टाचेने फळी दाबून बघत होते. एकदा, परत एकदा. "समदं बरोबर शे," ते म्हणाले, "पन ही बोलस नई." तरी तीच घेतली, दुसरा इलाज नव्हता. परतीच्या गाडीत नवापूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.

यंदा आखाजीला माझी परीक्षा होती, म्हणून नंदुरबारला वसतिगृहातच राहिलो. फोन करायचा धीर होईना. ताई आली नसेल तर फुवांशी काय बोलणार? शेवटी फुईचाच फोन आला. ताई आली होती. फुईने तळघरात घरातल्या सगळ्या गोधड्या अंथरल्या, त्यामुळे ज्या जमिनीसाठी फुवा सुरतभर लोळले ती वीतभरही दिसत नव्हती. आमरस खाऊन ताई तिथेच झोपली. दुपारी फुवा तिला नुसतं बघायला चोरपावलांनी उतरले, शेवटच्या पायरीवर वाकले आणि गुडघा कडाडला. ताईने डोळे उघडले नाहीत. "आबाच शेतस," असं पुटपुटली आणि कूस बदलून परत झोपली.

"मंग फुवा कोठे शेतस?" मी विचारलं.

फुई हळू आवाजात म्हणाली, "तठेच पायरीवर बठेल शेतस. चहा थंडा व्हई गया, तरी उठतस नई. गुडघा वाजी, पोर जागी व्हई."